डोब्रोच्या पोटातल्या अक्षता

जगदीशला कुणी नवीन माणूस भेटला आणि त्याने चुकून विचारलं, "काका, तुम्ही नक्की काय वाजवता?" की जगदीश त्याला आधी खुर्चीत बसवतो. मग सिंधुवहिनींना चहा टाकायला सांगतो. मग विचारतो, "तुला घाई नाही ना?" इथपर्यंत आलं की त्या माणसाचा शनिवार गेला. म्हणून हल्ली मीच आधी सांगून टाकतो. मी कमलाकर. कॉव्हेंट्रीत बस चालवायचो, आता रिटायर झालोय नि जगदीशच्या बँडची व्हॅन चालवतो. मला ना सा कळत ना रे, त्यामुळे माझं सांगणं लवकर संपतं.

तर जगदीश डोब्रो वाजवतो. डोब्रो म्हणजे गिटारच, पण तिच्या पोटात ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी बसवलेली असते, आवाज मोठा निघावा म्हणून. त्या वाटीवर चकचकीत झाकण, भोकाभोकाचं, अगदी पुरणयंत्राच्या चाळणीसारखं. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. मांडीवर उताणी घालायची, डाव्या हातात लोखंडाची कांडी धरून तारांवरून घासत न्यायची, उजव्या हाताच्या बोटांना पत्र्याच्या नख्या. कांडी सरकली की आवाज असा येतो की कुणीतरी रडता रडता हसतंय. आणि ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरातल्या लोकांचं संगीत. बँजो, फिडल, मँडोलिन, सगळे असे वाजवतात की जसं मागे कुत्रं लागलंय.

त्या कुत्र्याच्या पुढे डोब्रो घेऊन पळणारा आमच्या मिडलंड्समधला पहिला माणूस म्हणजे इचलकरंजीचा जगदीश. हे मी नाही, बँडमधला ट्रेव्हर सांगतो. आणि ट्रेव्हर सहसा कुणाबद्दल चांगलं बोलत नाही.

झालं असं की तरुणपणी जगदीश गावाकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा. तेव्हा फॅशन होती तिची. मग मेव्हण्याने बोलावलं म्हणून कॉव्हेंट्रीला आला, मोटारीच्या कारखान्यात दारं बसवायला लागला. गिटार तिकडेच राहिली. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं फोल्सहिलच्या वर्किंग मेन्स क्लबात गेलो. तिथे ट्रेव्हरचा बँड वाजवत होता. हा ट्रेव्हर बँजोवाला, त्याच कारखान्यात रंगखात्यात. भिंतीला टेकून एक डोब्रो उभा करून ठेवलेला. ट्रेव्हरने मासिकात फोटो बघून घेतला होता, पण वाजवायचा कसा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

जगदीशने बघितलं नि मला म्हणाला, "कम्या, ह्यांनी गिटारला मोटारीच्या चाकाचं हबकॅप बसवलंय बघ."

"असेल फॅशन," मी म्हटलं.

"तार बघ किती उचललेली. ही उभ्याने वाजवायचीच नाही." आणि सरळ उठला, स्टेजवर गेला, डोब्रो उचलून मांडीवर आडवा घातला. खिशातून दाराच्या बिजागरीची जाड पिन काढली. ती खिशात कशी आली हे कारखान्याने त्याला कधी विचारलं नाही. त्या पिनेने त्याने असं काही ओढून वाजवलं की कोपऱ्यात डॉमिनो खेळणारे म्हातारे थांबले. एक जण तर डाव जिंकत आलेला, तोही थांबला.

ट्रेव्हर म्हणाला, "हे ठीक आहे. पण फास्ट वाजवता येतं का तुला?"

जगदीश म्हणाला, "मी लग्नांत वाजवलंय. पंगत खोळंबलेली असली की काय स्पीडने वाजवावं लागतं, तुला काय माहीत!"

तेव्हापासून तो 'गोडायव्हा ग्रास' ह्या बँडमध्ये आहे. नाव ट्रेव्हरचं. शेकडो वर्षांपूर्वी आमच्या गावातून उघडी घोड्यावर बसून गेलेल्या त्या लेडी गोडायव्हाच्या नावावर ह्या गावात काहीही खपतं.

मग जगदीशची गाडी सुटली ती सुटलीच. तोपर्यंत इथे डोब्रो म्हणजे हळू गाण्यात मागे रडायला ठेवलेला. जगदीशने त्याला पुढे आणला. फास्ट धुनेत बँजोच्या बरोबरीने पळता पळता मधेच एखादी अशी मींड घ्यायचा की फिडलवाला वाजवायचं विसरायचा. लोक त्याला 'कॉव्हेंट्री स्लाइड' म्हणायला लागले. वेल्सला, स्कॉटलंडला, हॉलंडला बोलावणी यायची. डोक्याला काऊबॉय हॅट, आत वहिनींनी विणलेला स्वेटर. एकदा अमेरिकेला गेला, केंटकीला. एअरपोर्टवर बॅग उघडली तर आत लोखंडाची कांडी नि पत्र्याच्या नख्या. ऑफिसर म्हणाला, हे काय आहे? ह्याने सगळ्या नख्या बोटांत चढवल्या नि त्याच्या तोंडासमोर हलवून दाखवल्या. मग पुढे त्याला एका खोलीत नेऊन वाजवून दाखवायला लावलं. तो म्हणतो तिथेही टाळ्या पडल्या. तिथल्या कार्यक्रमानंतर एक म्हातारा अमेरिकन आला नि म्हणाला, "केंटकीतला कुठला रे तू?" हा म्हणाला, "इचलकरंजी." म्हातारा जरा विचार करून म्हणाला, "हां, म्हणजे पूर्वेकडचा."

आपल्या लोकांत मात्र त्याचं कौतुक बेताचंच. एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत म्हणाला, मी आरतीला डोब्रो वाजवतो. वाजवला. पण सवयीने जो स्पीड धरला, त्यात टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात दुखायला लागले, आणि कापूर पेटायच्या आत आरती संपली. गुरुजी काडेपेटी घेऊन तसेच उभे. तेव्हापासून मंडळ त्याला प्रसादाच्या रांगेत उभं करतं, डोब्रो घरी.

आणि सिंधुवहिनी. शाळेच्या किचनमध्ये आख्खी नोकरी काढली त्यांनी, दिवसभर पोरांचा गोंधळ. घरी आल्यावर हा गोंधळ. कार्यक्रमाला म्हणून एक-दोनदाच आल्या असतील, त्यातल्या एकदा बँजोच्या शेजारी बसून गाढ झोपल्या. ट्रेव्हर अजून ते विसरलेला नाही.

असं सगळं बरं चाललं होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून जगदीशचा डावा हात आखडायला लागला. संधिवात. कांडी धरायचाच हात. हळू गाणी अजून लोण्यासारखी वाजवतो, पण ट्रेव्हरने बांधलेली एक धून आहे, 'लेट फॉर द शिफ्ट', बँडची ओळखच ती, तिच्यात मधला तुकडा डोब्रोचा आणि तो अंगावर येणारा. तिथे जगदीश मागे पडायला लागला. एकदा पडला, आम्ही म्हटलं थंडी आहे. परत पडला, म्हटलं नवीन तारा आहेत. मग कुणी काही म्हणेना.

शेवटी ट्रेव्हरच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिसनंतर ट्रेव्हर बोलला. हातात पोर्क पाय होता, खिम्याच्या कचोरीसारखा, तो त्याने खाल्ला नाही, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"जॅग," तो म्हणाला, "वुस्टरच्या फेस्टिव्हलला आपण 'लेट फॉर द शिफ्ट' करायचं. तुझा तुकडा नीट गेला तर खुर्ची तुझी. मरेपर्यंत. मी परत तोंड उघडणार नाही. नाही गेला तर नीनाला बोलावू."

जगदीश म्हणाला, "तू काय माझ्या मरणाची वाट बघतोयस का?"

"मी तुझ्याआधी मरणार, माझं कोलेस्टेरॉल बघ," ट्रेव्हर म्हणाला. "पण बँड चालायला पाहिजे."

आता ही नीना कोण, तर आईबाप लंडनच्या एजवेअरचे, पोरगी एडिनबराला बँकेत. लॉकडाऊनमध्ये इंटरनेटवर जगदीशचे व्हिडिओ बघितले नि त्याला मेसेज केला, काका शिकवाल का? हा हुरळला. दर रविवारी व्हिडिओवर शिकवायचा, आम्हाला फोन करून सांगायचा, "पोरगी कसली वाजवते, अरे!" आता तीच समोर उभी.

"मीच पंगतीला बसवली आणि माझ्याच ताटात हात घालतेय," जगदीश व्हॅनमध्ये म्हणाला.

"तिने कुठे हात घातला? ट्रेव्हर वाढतोय," मी म्हटलं.

"तू गाडी चालव."

मी गाडी चालवली. पण खरं सांगतो, त्या माणसाकडे बघवत नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हा तो इतका खचला नव्हता. खुर्ची गेली तर जगदीश सकाळी उठून काय करणार, हे मलाही कळत नव्हतं नि त्यालाही.

फेस्टिव्हल आला तो नेमका खंडेनवमीच्या शनिवारी. खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा. इथे आमच्याकडे लोक लॅपटॉपला कुंकू लावतात, माझ्या व्हॅनच्या स्टिअरिंगला झेंडूचा हार असतो. सिंधुवहिनी दर वर्षी डोब्रो पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात. एरवी पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी अक्षता वाहून ते जरासं हलवायचं, म्हणजे पूजा उतरली, मग वापरायचं. पण ह्या वर्षी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला वेळ कुठे होता?

मी सकाळी व्हॅन घेऊन दारात गेलो तर आत पूजा चाललेली. आणि काय पूजा! दर वर्षी वहिनी दोन बोटं हळदकुंकू नि चार अक्षता वाहतात. पण ह्या वर्षी नवऱ्याची खुर्ची पणाला लागलेली. मूठ मूठ अक्षता, कुंकवात भिजवलेल्या, ओल्या. डोब्रो पाटावर उताणा, आणि त्याची ती चाळणी वर तोंड करून.

"वहिनी, निघायचंय," मी म्हटलं.

"थांबा हो भाऊजी. वाहिलेलं उतरवायला नको का? तसंच हलवलं तर त्याचं काय फळ मिळणार?" असं म्हणून त्यांनी लगेच उत्तरपूजेच्या परत मूठभर अक्षता घातल्या, मलाही दिल्या, मीही घातल्या. मग डोब्रो बोटभर उत्तरेकडे सरकवला. उत्तरेला फ्रिज होता. तिथे जरा टेकवला, की झालं.

जगदीश बाहेर हॅट घालून उभा. त्याने डोब्रो पुसला, पेटीत ठेवला, आम्ही निघालो. वहिनीही व्हॅनमध्ये चढल्या. "ह्या वेळेला मी येणार," म्हणाल्या. मांडीवर मसालेभाताचा डबा.

वुस्टरकडचं ते शेत. चिखल, तंबू, आत गवताच्या गंज्यांवर लोक बसलेले, बाहेर चिप्सची गाडी. शेवटचा मैलभर रस्ता असा होता की व्हॅनमध्ये सगळ्यांचे दात वाजले. नीना आधीच आलेली, आपला डोब्रो पाठीला लावून. जगदीशला वाकून नमस्कार केला. बिचारीचा चेहरा उतरलेला.

"काका, मी ट्रेव्हरला नको म्हणली. तो म्हणला, तू फक्त ये आणि बस. मी बसणार. मी वाजवणार नाही. तुमचा धून तुम्हीच वाजवा."

"वाजवणारच आहे," जगदीश म्हणाला. पण तिच्या पाठीवर हात ठेवला. शिष्या ती शिष्याच.

साउंड चेक सुरू झाला. माईकवाल्याने खूण केली, जगदीशने कांडी तारांवर ठेवली नि ओढली.

खुळ्ळ्ळ्.

सगळ्यांनी वर बघितलं. जगदीशने परत ओढली. खुळखुळ, खुळखुळ. एखाद्या बाळाचा खुळखुळा जणू. ट्रेव्हर म्हणाला, "जॅग, तुझ्या डोब्रोत खुळखुळ्या शेपटीचा साप आहे का?"

जगदीशचा चेहरा पांढरा. "वाटी तडकली," तो म्हणाला. "कम्या, तुझ्या त्या रस्त्याने वाटी तडकली!"

"रस्ता माझा नाही, कौन्सिलचा आहे," मी म्हटलं.

आम्ही डोब्रो तंबूच्या मागे नेला. बँडमध्ये मँडोलिन वाजवते ती धम्मशीला, नागपूरची, कॉव्हेंट्रीत दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "दादा, द्या इकडे." डोब्रो आडवा केला, मोबाइलचा लाइट धरला नि भोकातून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली.

"दादा, घरी काही कार्य होतं का?"

"का?"

"आत भात लावायला ठेवलाय."

आम्ही डोब्रो उलटा केला नि हलवला. लाल, पिवळे तांदूळ धो धो पडले. शेजारी एक गोरं कुटुंब सँडविच खात होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पण उलटा करूनही खुळखुळ राहिलीच. ओल्या अक्षता होत्या, कुंकवाने वाटीच्या तळाला चिकटल्या होत्या. वाजवताना सुटायच्या, नाचायच्या, परत चिकटायच्या.

"झाकण उघड की," मी म्हटलं.

"तारा सोडाव्या लागतील, परत लावून सुरात आणेपर्यंत संध्याकाळ होईल," जगदीश म्हणाला. "संपलं. ह्या तांदळाने माझी खुर्ची घेतली."

धम्मशीला पर्समधून एक पाऊच काढत होती. त्यात दात बघायचा छोटा आरसा नि लांब चिमटा. "पूजेबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही," ती म्हणाली. "पण हा पेशंट माझा आहे. भाऊ, लाइट धरा. नीना, तू तारा बाजूला धर. दादा, तुम्ही तिकडे जाऊन बसा, नातेवाईक इथे नकोत."

आणि तिने एकेक भोकातून चिमटा घालून दाणा दाणा काढला. मधूनच सवयीने डोब्रोला म्हणायची, "झालं हं, अजून थोडंसंच." मी लाइट धरून उभा. शेवटचा दाणा निघाला तेव्हा तिने आरसा सगळीकडे फिरवला, मग डोब्रोच्या पाठीवर थाप मारली. काही आवाज नाही. नीनाने एक तार छेडली. घंटेसारखी स्वच्छ.

"घ्या," धम्मशीला म्हणाली. "रूट कॅनॉलपेक्षा सोपं होतं."

आता हे सगळं झालं तंबूच्या मागे. ट्रेव्हर स्टेजवर माईकवाल्याशी भांडत होता, त्याला एवढंच कळलं की जॅगच्या डोब्रोत तांदूळ गेलेत नि काढायचं चाललंय. वहिनी चिप्सच्या गाडीच्या रांगेत, त्यांना तेवढंही कळलं नाही.

आमचा नंबर लागला. पहिली दोन गाणी झकास. जगदीश रंगात आला, हॅट मागे सारली, एक अशी लांब मींड घेतली की गवतावर बसलेली बायका-माणसं 'ओ' म्हणाली. वहिनी पुढच्या रांगेत, चिप्स हातात, झोपल्या नव्हत्या. मग ट्रेव्हरने बँजोवर 'लेट फॉर द शिफ्ट' सुरू केली.

मी तंबूच्या खांबाला धरून उभा होतो. फिडल झालं, मँडोलिन झालं, आणि आला डोब्रोचा तुकडा. जगदीश सुटला. पहिला अर्धा तसा गेला जसा तो तिशीत वाजवायचा, शपथेवर सांगतो. मी म्हटलं, आली, खुर्ची आली. आणि मग त्याची बोटं उघडली. आपोआप. जणू हात म्हणाला, बस, माझी शिफ्ट संपली. कांडी सुटली, खण्ण करून तारांवर आपटली, स्टेजवरून घरंगळत चिखलात पडली. बाकीच्यांनी पुढचा तुकडा कसाबसा उचलला नि धून संपवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक चांगले होते. पण बँडला कळायचं ते कळलं.

आम्ही मागे आलो. जगदीश पेटीवर बसला. आणि मग ट्रेव्हर, ज्याने आयुष्यात कुणाला सवलत दिली नाही, तो माझ्या डोळ्यांदेखत खाली वाकला नि जगदीशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राइस होता, मेट. राइस. असल्या डोब्रोवर कोण वाजवणार? हे धरायचंच नाही. पुढच्या वर्षी परत बघू. खुर्ची तुझी."

मी धम्मशीलाकडे बघितलं. तिने माझ्याकडे. नीनाने खाली. आम्हा तिघांनाही माहीत होतं की त्या डोब्रोच्या पोटात एक कणही नव्हता. पण कोण बोलणार? एवढं एकच वाक्य, आणि म्हाताऱ्याची खुर्ची राहत होती. जगदीशने आमच्या तिघांकडे पाळीपाळीने बघितलं. मी पटकन आभाळाकडे बघितलं. स्वच्छ होतं.

तेवढ्यात वहिनी आल्या, डबा घेऊन. "काय म्हणतोय हा, राइस राइस? भूक लागली का त्याला? मसालेभात आणलाय म्हणावं."

"तसं नाही, वहिनी," मी सुरुवात केली.

पण तोवर ट्रेव्हरने हसत हसत खिशातून मूठ काढली. तंबूच्या मागून उचललेले लाल तांदूळ. "तुझ्या गिटारमधून, सिंधू!" असं म्हणून त्याने गंमत म्हणून दाखवले.

वहिनींनी ते तांदूळ बघितले. मग डोब्रोकडे बघितलं, त्याच्या चाळणीकडे. हातातला डबा खाली ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे कांडी पडली?" त्या म्हणाल्या. आवाज कसला, नुसता श्वास. "अहो, मी तुमच्यासाठीच... मला वाटलं जितक्या जास्त वाहू तितकं..." इतकी वर्षं ह्या बाईने शाळेतली शंभर पोरं एका नजरेत गप्प केली, ती आज पदराशी चाळा करत उभी.

जगदीश उठला. मला वाटलं आता बायकोवर चिडणार. चिडायची सवय आहे त्याला, आणि आत्ता तर कारण आयतं हातात.

तो ट्रेव्हरला म्हणाला, "नो राइस."

"अरे, हे बघ ना..."

"हे आधीचे. धम्मशीलाने सगळे काढले होते. तिला विचार. डोब्रो धुतल्यासारखा स्वच्छ होता." मग डावा हात वर केला, बोटं अजून अर्धी मिटलेली. "हा गेला, ट्रेव्हर. हाच गेला. सिंधूने काही केलेलं नाही. तिचं नाव परत ह्यात आणायचं नाही."

ट्रेव्हर धम्मशीलाकडे बघायला लागला. ती म्हणाली, "आय चेक्ड. विथ अ मिरर." डॉक्टरने आरशात बघून सांगितल्यावर त्यापुढे कोण काय बोलणार?

"तू गप्प बसला असतास तर चाललं असतं, जॅग," ट्रेव्हर म्हणाला. त्याचे डोळे भरलेले, पण राग आल्यासारखं करत होता.

"आयुष्यात कधी गप्प बसलोय मी?" जगदीश म्हणाला. "आणि बसलो असतो तर हिने घरी जाऊन मला तीन वर्षं नुसती साबुदाण्याची खिचडी घातली असती, तांदळाचं प्रायश्चित्त म्हणून. मला खिचडी आवडत नाही." मग वहिनींकडे वळला. "ए, डोळे पूस. लोकांना वाटेल मी मेलो."

"असलं अभद्र बोलू नका," वहिनी म्हणाल्या, पण डोळे पुसले.

दुपारी आमचा अजून एक भाग होता. जगदीशने नीनाला बाजूला घेतलं. ती रडकुंडीला आलेली. "काका, मी नाही बसणार. तो खुर्ची तुमचा आहे."

"खुर्ची बँडची आहे," जगदीश म्हणाला. "आणि तुझं मराठी सुधारायला आता मला भरपूर वेळ आहे, ह्याची तुलाच भीती वाटायला पाहिजे. जा. आणि मधल्या तुकड्यात घाई करू नको, ट्रेव्हर घाई करतो, त्याला पुढे जाऊ दे, तू त्याला गाठायचं."

ती गेली. जगदीश आणि वहिनी पुढच्या रांगेत गवताच्या गंजीवर बसले, मी त्यांच्या शेजारी. इतक्या वर्षांत मी त्याला स्टेजच्या ह्या बाजूला कधी बघितलं नव्हतं. पाय कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना. हात मांडीवर डोब्रो असल्यासारखे. वहिनींनी त्याच्या त्या हातात मसालेभाताची वाटी दिली, म्हणजे काहीतरी राहावं.

'लेट फॉर द शिफ्ट' परत लागली. आला तो तुकडा. नीनाने डोकं खाली घातलं नि निघाली. अशी निघाली की चिप्सच्या गाडीवालाही झारा घेऊन बाहेर आला. जगदीश ताठ बसलेला, घास तोंडाच्या अर्ध्यावर.

"चांगलं वाजवते ना?" वहिनींनी हळूच विचारलं.

"चांगलं?" तो म्हणाला. "माझ्यासारखं वाजवते." मग तो घास गिळून, "माझ्यापेक्षा बरं वाजवते. कुणाला सांगू नको."

शेजारी बसलेल्या मला सगळं ऐकू आलं, पण मी कुणाला सांगितलं नाही. आत्ता सांगतोय तेवढंच.

तेवढ्यात नीनाने ती त्याची मींड घ्यायला घेतली, कॉव्हेंट्री स्लाइड, आणि कांडी जराशी वाकडी पडली. तुम्हाला-आम्हाला कळलंही नसतं. जगदीश ताडकन उभा राहिला, वाटी हातात, नि सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं ओरडला, "सरळ धर! सरळ!"

नीनाने चटकन सरळ धरली. स्टेजवरून ट्रेव्हरने बँजो न थांबवता असं बघितलं की बास. मागचे लोक शूऽ शूऽ करायला लागले. वहिनींनी त्याचा स्वेटर धरून खाली ओढलं.

"बसा हो खाली. आता तुम्ही पब्लिक आहात."

जगदीश बसला. पुढचा तुकडा येईपर्यंत. मग म्हणाला, "पब्लिकलाही काही हक्क असतात," आणि परत उठला.